चक्कर कुठे दिसते?

फुगडी थांबल्यावर समोरचीच्या डोळ्यांत कधी निरखून पाहिलंय? मी नव्हतं पाहिलं. लहानपणी मंगळागौरीला इतक्या फुगड्या घातल्या, पण थांबल्यावर कोण कशाला डोळे बघतंय! घर गरगरत असायचं, भिंती एका बाजूला पळत असायच्या, आणि आम्ही खिदळत जमिनीवर बसकण मारायचो. परवा भाचीला मुद्दाम गोल फिरवलं, थांबवलं आणि लगेच तिच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळं हळूहळू एका बाजूला सरकत होती आणि झटकन परत येत होती. पुन्हा सरकायची, पुन्हा झटका. तिला विचारलं, "डोळे हलतायत ते कळतंय का तुला?" तर म्हणाली, "डोळे कुठे? घर हलतंय!"

या एका वाक्यात गेल्या सव्वादोनशे वर्षांच्या संशोधनाची सुरुवात आहे म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल. पण ते खरं आहे. आणि हे सगळं मी वाचायला का घेतलं त्याचं कारण माझी आई आहे. ते शेवटी सांगते.

१७९२ साली लंडनमध्ये विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरने दोन डोळ्यांनी एकच वस्तू कशी दिसते यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात भोवळीविषयी एक प्रयोग आहे. खर्च म्हणाल तर एक मेणबत्ती आणि एक कागद. ज्योतीकडे टक लावून पाहिलं की नजर हलवल्यावरही डोळ्यांसमोर एक डाग तरंगत राहतो, हे आपल्याला माहीत आहे. तो डाग डोळ्याच्या पडद्यावरच उमटलेला असतो, त्यामुळे डोळा जाईल तिकडे तो जातो. वेल्सने आधी असा डाग डोळ्यांत घेतला, मग स्वतःभोवती गरागरा फिरला आणि थांबून भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. नजर कागदाच्या मध्यावर रोखून धरली आहे असं त्याला वाटत होतं, पण डाग मात्र कागदावरून सरकत होता आणि झटक्याने परत येत होता. डाग हलतो म्हणजे डोळा हलतो. आपला डोळा हलतोय आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही! मग त्याने दुसऱ्या माणसाला चक्कर येईपर्यंत फिरायला लावलं आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथेही तेच.

त्या काळात इंग्लंडात या विषयावर मोठं नाव होतं इरॅस्मस डार्विन यांचं. चार्ल्स डार्विनचे हे आजोबा, नावाजलेले वैद्य. भोवळीत डोळे हलतात हे त्यांना पटत नव्हतं. गोल फिरताना पाहिलेल्या गोष्टींचे ठसे पडद्यावर मागे राहतात, म्हणून जग फिरल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. वेल्सने १७९४ मध्ये एका मासिकातून उत्तर दिलं, अगदी मुद्देसूद. पण नाव मोठं कुणाचं? वेल्सचं भोवळीवरचं काम बाजूला पडलं ते पडलंच. तो पुढे दवबिंदू कसे तयार होतात या निबंधामुळे ओळखला गेला.

गंमत पुढे आहे. वेल्स १८१७ मध्ये वारला. माणसांच्या कातडीच्या रंगावरच्या त्याच्या एका निबंधात नैसर्गिक निवडीची कल्पना स्पष्ट मांडलेली होती. ती ओळखून आपल्या ग्रंथाच्या पुढच्या एका आवृत्तीत वेल्सला मान दिला तो चार्ल्स डार्विनने. आजोबांनी जे नाकारलं त्याबद्दल नाही, पण नातवाने थोडी तरी भरपाई केली म्हणायची.

असो. डोळे हलतात हे ठीक, पण का हलतात? १८२०च्या दशकात प्रागमध्ये पुर्किन्ये नावाचा शास्त्रज्ञ स्वतःलाच फिरवून घेत होता. फिरताना डोकं सरळ, खांद्याकडे झुकलेलं, मागे टाकलेलं, असं निरनिराळ्या स्थितीत ठेवायचं आणि थांबल्यावर जग कुठल्या दिशेने फिरतं ते बघायचं. फिरण्याची दिशा डोक्याच्या स्थितीवर ठरते हे त्याने शोधलं. पण कारण त्याने मेंदूत शोधलं. त्याच दशकात पॅरिसमध्ये फ्लुराँस हा कबुतरांच्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकेक करून कापत होता. आडवी नलिका कापली की कबुतराची मान आडव्या पातळीत हेलकावे खायची, उभी कापली की उभ्या. म्हणजे एकाच्या हातात कुलूप होतं आणि दुसऱ्याच्या हातात किल्ली.

तोवर चक्कर येणाऱ्या माणसाचे हाल काय असतील विचार करा. चक्कर म्हणजे मेंदूत रक्त चढलं, हा सर्रास समज. मग उपाय काय, तर रक्त काढा. १८६१ मध्ये पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेचे डॉक्टर मेनियेर यांनी सांगितलं की बाबांनो, चक्कर कानातूनही येऊ शकते. सांगून वर्षभरात ते वारले. त्यांच्या नावाचा आजार आज आपल्या ओळखीचा आहे.

कुलूप-किल्लीची गाठ पडली ती १८७३ ते १८७५ च्या सुमारास, आणि एकदम तीन ठिकाणी. प्रागमध्ये अर्न्स्ट माख हा भौतिकशास्त्रज्ञ, म्हणजे विमानाचा वेग ज्याच्या नावाने मोजतात तोच. आगगाडी वळणावरून जाताना बाहेरची घरं आणि झाडं तिरकी दिसतात हे त्याने पाहिलं आणि त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. त्याने लाकडी चौकटीत फिरणारी खुर्ची बांधली आणि तिच्यात बसून प्रयोग केले. व्हिएन्नामध्ये योसेफ ब्रॉयर होता. पुढे फ्रॉइडबरोबर पुस्तक लिहिणारा हाच तो. दिवसभर रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन. तिसरा एडिंबरामधला क्रम ब्राउन, पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक. कानाचा डॉक्टर यांत एकही नाही!

तिघांचं म्हणणं थोडक्यात असं. कानातल्या या नलिका द्रवाने भरलेल्या आहेत. डोकं फिरलं की नलिका फिरते, पण आतला द्रव मागे रेंगाळतो. तांब्यात पाणी घेऊन तांब्या एकदम फिरवा, पाणी लगेच फिरत नाही, तसंच. हा रेंगाळणारा द्रव आतल्या संवेदनेच्या पडद्याला वाकवतो आणि मेंदूला कळतं की डोकं फिरतंय. बराच वेळ फिरत राहिलं की द्रवही बरोबरीने फिरू लागतो. मग आपण थांबतो, पण द्रव थांबत नाही. तो पडद्याला उलट्या बाजूला ढकलतो, मेंदूला वाटतं डोकं आता उलटं फिरतंय, आणि तो डोळ्यांना त्याप्रमाणे हलवतो. फुगडी थांबल्यावर घर का फिरतं याचं उत्तर हे.

पण कानाने डोळ्यांना हलवायचंच कशाला? एक सोपा प्रयोग करून बघा. वर्तमानपत्र हातात धरून भराभर डावीउजवीकडे हलवा आणि वाचायचा प्रयत्न करा. अक्षरं पुसट होतात. आता पेपर स्थिर ठेवा आणि तितक्याच वेगाने नकारार्थी मान हलवा. वाचता येतं! पहिल्या वेळी डोळे नुसते अक्षरांचा पाठलाग करत होते. बघून, समजून डोळा हलवायला मेंदूला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. दुसऱ्या वेळी कान मदतीला आला. मान एकीकडे गेली की कान डोळ्यांना तेवढंच दुसरीकडे वळवतो, आणि त्याला १० मिलिसेकंद पुरतात. चालताना, जिना चढताना, एसटीत बसल्यावर जग स्थिर दिसतं ते या कारागिरामुळे. तो आहे हे आपल्याला माहीतही नसतं.

नसला तर काय होतं? १९५२ मध्ये एका डॉक्टरने स्वतःचाच अनुभव एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं. स्ट्रेप्टोमायसीनच्या इंजेक्शनांनी त्याच्या दोन्ही कानांतला हा भाग निकामी झाला होता. अंथरुणात पडून वाचायचं तर पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं दाबून धरावं लागे. नाहीतर नाडीच्या ठोक्यांनी डोकं जेवढं हलतं, तेवढ्यानेही अक्षरं उड्या मारत. चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नसे. आपल्याकडे क्षयासाठी हीच इंजेक्शनं वर्षानुवर्षं घेतली गेली. बरं झाल्यावरही ज्यांना अंधारात तोल सावरत नसे, त्यांच्यापैकी कितीजणांना "अशक्तपणा आहे" म्हणून वाटेला लावलं असेल कोण जाणे.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस. रॉबर्ट बारानी. जन्म व्हिएन्नाचा, १८७६ चा. पोलित्झर या नामांकित प्राध्यापकांच्या कानाच्या दवाखान्यात हा तरुण डॉक्टर रोग्यांचे कान पिचकारीने धुवायचा. धुतल्यावर पुष्कळांना चक्कर येई. कान धुतला की चक्कर येते हे बाकीच्यांनाही माहीत होतं. बारानीने एक जास्तीची गोष्ट केली. चक्कर आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहिलं आणि डोळे कुठल्या दिशेला झटका देतात ते लिहून ठेवलं. वीसेक नोंदी झाल्यावर त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर सगळ्यांत एकच गोष्ट लिहिलेली.

मग एक दिवस एक रोगी म्हणाला, डॉक्टर, पाणी पुरेसं गरम नसलं की मला चक्कर येते. घरी मी गरम पाण्याने कान धुतो तेव्हा येत नाही. बारानीने नर्सला अजून गरम पाणी आणायला सांगितलं. ती म्हणाली, हे पाणी पुरेसं गरम आहे. बारानी म्हणाला, रोग्याला गार वाटतंय ना, मग त्याच्या मनासारखं करू. पुढच्या वेळी तिने चांगलंच कढत पाणी आणलं. पिचकारी मारताच रोगी ओरडला, हे फार गरम आहे, मला पुन्हा चक्कर येतेय! बारानीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. झटके होते, पण बरोबर उलट्या दिशेला.

त्या क्षणी त्याला कोडं सुटलं. त्याला आंघोळीचं पाणी तापवायची टाकी आठवली. वर पाणी कढत आणि तळाशी गार. आपल्याकडे ज्यांनी तांब्याचा बंब वापरलाय त्यांना हे सांगायला नको. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार खाली बसतं. कानात गरम पाणी गेलं की नलिकेतला जवळचा द्रव तापून वर सरकतो, गार गेलं की खाली. द्रव सरकला की मेंदूला वाटतं डोकं फिरलं. हे खरं असेल तर डोकं उलटं केल्यावर झटक्यांची दिशाही उलटायला हवी. त्याने करून पाहिलं. उलटली! १९०६ मध्ये त्याने हे सविस्तर प्रसिद्ध केलं. एकेका कानाची तोल सांभाळायची शक्ती वेगवेगळी तपासायचा मार्ग डॉक्टरांना मिळाला. दवाखान्यांत ही तपासणी आजही होते.

१९१४ चं वैद्यकाचं नोबेल बारानीला मिळालं. ते जाहीर झालं १९१५ मध्ये, तेव्हा हा गृहस्थ मध्य आशियात मर्व इथे रशियाच्या कैदेत होता. ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून गेला होता आणि प्शेमिशलचा किल्ला पडल्यावर पकडला गेला होता. स्वीडनच्या राजपुत्राने रेडक्रॉसतर्फे खटपट केली आणि १९१६ मध्ये त्याची सुटका झाली. नोबेल घेऊन व्हिएन्नाला परतला तर स्वागत काय झालं? दुसऱ्यांच्या कामाचं श्रेय याने नीट दिलं नाही, असा सहकाऱ्यांनी आरोप केला. तो वैतागून स्वीडनला उप्सालाला गेला. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी त्याची बाजू घेतली, आणि १९३६ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला.

बंबाचा सिद्धांत मात्र पुरता बरोबर नव्हता बरं का. अंतराळात वजन नाही, म्हणजे गरम द्रव वर चढायचाही प्रश्न नाही. मग तिथे ही चक्कर येऊच नये. १९८३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात स्पेसलॅब-१ च्या उड्डाणात अंतराळवीरांचे कान गरम-थंड करून पाहिले. डोळे तिथेही हलले! म्हणजे द्रव वरखाली सरकतो हे कारण आहे, पण ते एकटं नाही. बारानीला हे कळलं असतं तर तो नाराज झाला नसता असं आपलं मला वाटतं. नोंद करून ठेवली असती.

याच बारानीने १९२१ मध्ये एका तरुण स्त्रीचं वर्णन लिहिलं. कुशीवर वळलं की तिला चक्कर यायची आणि डोळे काही सेकंद विशिष्ट प्रकारे फिरायचे. १९५२ मध्ये लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी या तपासणीची ठरावीक रीत सांगितली. बसलेल्या माणसाचं डोकं एका बाजूला वळवायचं, त्याला झटकन मागे झोपवायचं, मान थोडी खाली लोंबकळू द्यायची आणि डोळे बघायचे. पुढे कळलं की कानातले चुन्याचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत जाऊन पडतात आणि कूस बदलली की तिथे हलतात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जॉन एप्ली या डॉक्टरने म्हटलं, मग डोकं क्रमाने वळवून ते खडे बाहेर का नाही काढायचे? १९८० मध्ये त्याने हे मांडलं तेव्हा लोक हसले. डोकं इकडेतिकडे वळवून कुठे रोग बरा होतो? त्याचा शोधनिबंध छापून यायला १९९२ उजाडलं. आता जगभर तेच करतात. ना चाकू, ना गोळी. पाच-दहा मिनिटांचं काम.

आता आईचं.

आईला सहा वर्षं चक्कर येत होती. अंथरुणातून उठताना, कूस बदलताना, फळीवरचा डबा काढायला मान वर केली की. "सगळं घर फिरतं गं," म्हणायची. बीपी बघून झालं. साखर बघून झाली. मानेचा फोटो काढला, मणक्यांत झीज निघाली. त्या वयात कुणाची निघत नाही? गळ्यात पट्टा आला, गोळ्या आल्या. चक्कर काही गेली नाही. मग तिने हळूहळू एकेक गोष्ट सोडली. दोरीवर कपडे वाळत घालणं सोडलं, देवळात एकटीने जाणं सोडलं, शेवटी उजव्या कुशीवर झोपणंही सोडलं. प्रत्येक वेळी तपासणीत सगळं ठीक यायचं. आणि एकदा, हे लिहायला जड जातंय, मीच तिला म्हणाले, "आई, मनाचे खेळ असतात काही काही." ती काही बोलली नाही. त्यानंतर चक्कर आली की ती मला सांगेनाशी झाली.

शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, "आजी, कुठल्या कुशीवर?" बस्स, एवढंच. तिच्या डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा चढवला, तिला उजवीकडे मान वळवून मागे झोपवलं. मी बाजूला उभी होते. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग त्या मोठ्या दिसणाऱ्या बुबुळांनी गोल गोल झटके द्यायला सुरुवात केली. आईने माझा हात घट्ट पकडला. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "दिसलं?"

दिसलं. सहा वर्षं ती जे सांगत होती ते तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. वाचायला कुणी वाकलं नव्हतं, मी सुद्धा नाही.

दोन बैठकांत चक्कर गेली. पुन्हा येऊ शकते, पण आता तिला आणि मला काय करायचं ते माहीत आहे. प्रत्येक चक्कर अशी साधी नसते हेही खरं. कधी तो मेंदूतला पक्षाघात असतो आणि तेव्हा घाई लागते. पण तिथेही डोळेच बोलतात. अचानक सुरू होऊन न थांबणाऱ्या चक्करेत प्रशिक्षित डॉक्टरने डोळ्यांच्या तीन हालचाली नीट तपासल्या तर सुरुवातीच्या एमआरआयमध्ये निसटणारा पक्षाघातही ओळखता येतो, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. यंत्रं मोठी झाली, पण वेल्सने केलं ते अजूनही करावंच लागतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

हा सगळा इतिहास वाचताना मला सारखी ती व्हिएन्नाची नर्स आठवत होती. "हे पाणी पुरेसं गरम आहे" म्हणणारी. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या हाताला पाणी गरमच लागत होतं. तसंच आमच्या रिपोर्टांमध्येही सगळं ठीकच होतं. फरक एवढाच, की बारानीने नर्सच्या हातापेक्षा रोग्याच्या कानावर विश्वास ठेवला.

परवा आईकडे गेले तर ती गच्चीवर दोरीवर चादर टाकत होती. मान वर, हात वर. मी आपली धरायला धावले.

"अगं, काही होत नाही," ती म्हणाली. या वेळी मी विश्वास ठेवला. तरी एकदा डोळ्यांत बघून घेतलं.